आबकारी

'अबकारी' हा शब्द सरकारी कागदांवर आपण इतका पाहिला आहे, की त्यातले पाणी आपल्याला दिसेनासे झाले आहे. मूळ फारसी शब्द 'आबकारी'. आब म्हणजे पाणी, कारी म्हणजे काम. पाण्याचे काम, पाण्याचा धंदा, पुढे कडक पाण्याचा धंदा आणि शेवटी त्या धंद्यावरचा कर. आमच्या शहापूर तालुक्यात हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरावा असा आहे. कारण येथून पाणीही नेले गेले आणि कडक पाणी गाळण्याचा घरचा हक्कही नेला गेला. दोन्ही गोष्टी एकाच काळात झाल्या. १८९२ साली तर एकाच वर्षात. त्या वर्षाकडे मी पुढे येणारच आहे. आधी एका तोटीविषयी लिहायचे आहे, आणि ती तोटी कसाऱ्यात नाही, अमेरिकेत आहे.

माझा एक भाचा तिकडे नोकरी करतो आणि सवड मिळेल तेव्हा घरी बिअर बनवतो. त्याच्या गॅरेजमध्ये एक जुना फ्रिज आहे. त्याच्या दाराला भोके पाडून चार तोट्या बसवल्या आहेत आणि आत एकोणीस लिटरचे पोलादी डबे उभे आहेत. शीतपेयांच्या कंपन्यांनी टाकून दिलेले हे डबे घरगुती बिअरवाल्यांनी आपलेसे केले. मला वाटले होते, डबा भरावा, नळी लावावी, तोटी उघडावी, संपले. भाच्याने मान हलवली. "मामा, बिअर करणं सोपं आहे. ती फेस न होता ग्लासात उतरवणं कठीण." आणि पुढचा तासभर त्याने मला जे सांगितले, ते मी आयुष्यात ऐकलेल्या जललेखांपैकी सर्वांत काटेकोर होते.

बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो किती विरघळून राहील हे दाब आणि तापमान या दोन गोष्टी ठरवतात. विल्यम हेन्री नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने हा नियम १८०३ साली मांडला. बिअर तीन-चार अंश सेल्सिअसवर ठेवली आणि वायूचा दाब चौरस इंचाला बारा पौंडांच्या आसपास ठेवला, तर एका लिटर बिअरमध्ये अडीच लिटर वायू सुखाने राहतो. पण हाच बारा पौंडांचा दाब बिअरला नळीतून ढकलतोही. तोटी उघडताच ती अंगावर आल्यासारखी बाहेर पडली, तर वायू एकदम सुटतो आणि ग्लासात नुसता फेस उरतो. दाब कमी करावा तर बिअर सुस्त वाहते, आणि दोन दिवसांत तिच्यातला वायू निघून जाऊन ती मिळमिळीत होते. म्हणून दाबाला हात लावायचा नाही. वाटेतला अडथळा वाढवायचा.

अडथळा म्हणजे नळी. आतून तीन सोळांश इंच व्यासाची नळी बिअरला घासत घासत नेते. तोटी डब्याच्या मध्यापासून दोन फूट वर असेल तर एक पौंड दाब चढण चढण्यातच खर्च होतो. तोटीच्या तोंडाशी एखादा पौंड राखायचा. उरलेले दहा पौंड नळीने खाल्ले पाहिजेत. पुस्तकांत फुटामागे दोन-तीन पौंड लिहिलेले असतात. त्या हिशोबाने पाच फूट नळी पुरायला हवी. घरी प्रत्यक्षात ती तेवढा दाब खात नाही, म्हणून जाणती मंडळी दहा-बारा फुटांचे वेटोळे करून फ्रिजमध्ये ठेवतात. हिशोब जमला की ग्लास सात-आठ सेकंदांत भरतो आणि वर बोटभर फेस राहतो. यालाच ते लोक 'बॅलन्स' म्हणतात.

मग तोटी कोणती घ्यावी हा प्रश्न. जुन्या पद्धतीच्या तोटीत बूच मागच्या बाजूला बसते. बंद केल्यावर पुढच्या तोंडात थोडी बिअर राहते, ती हवेने वाळते, चिकटते आणि तोटी दुसऱ्या दिवशी दांडा ओढला तरी हलत नाही. हॉटेलात रोज शंभर ग्लास ओतले जातात, तिथे हे चालून जाते. घरात आठवड्याला चार ग्लास, म्हणून घरी पुढे बूच असलेली तोटी बरी. तिच्यात बिअर हवेला लागत नाही. पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेली तोटी स्वस्त पडते, पण मुलामा झिजला की पितळेची चव उतरते. पोलादी तोटी एकदाच घ्यावी, असा भाच्याचा आग्रह. बाजूला छोटा दांडा असलेल्या तोट्याही असतात. त्यांनी प्रवाह तोटीतच आवळता येतो, म्हणजे लांब नळीचे वेटोळे टळते. काळ्या स्टाउटसाठी आणखी निराळी तोटी, तिच्यात बारीक भोकांची चकती. तिला नायट्रोजनचा वायू लागतो. ही युक्ती डब्लिनच्या गिनेस कंपनीत मायकेल अ‍ॅश या गणितज्ञाने १९५९ साली बसवली. बिअर ओतायला गणितज्ञ लागला, हे मला फार आवडले.

आणखी एक बारकावा त्याने सांगितला, तो ऐकून मी एकदम घरी पोहोचलो. दाबमापक बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. उंचावर हवा विरळ, म्हणून समुद्रसपाटीपासून दर दोन हजार फुटांना काट्यावर एक पौंड जास्त ठेवावा लागतो. दोन हजार फूट म्हणजे जवळजवळ इगतपुरी. कसाऱ्याहून घाट चढून गेले की बिअरचा हिशोब बदलतो.

हा घाट आमच्या गावाचे सारे अस्तित्व. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रूळ १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला पोहोचला आणि तेथे चार वर्षे थांबला. समोर थळ घाट उभा होता. १ जानेवारी १८६५ रोजी तो खुला झाला. चढ ३७ फुटांना एक फूट. गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने लागत, आजही लागतात. वाटेत गाडी उलट दिशेने वळवून घेण्याचे एक स्थानक होते, ते १९१८ साली काढले गेले. या घाटाने गोरे इंजिनिअर, ड्रायव्हर, फिटर वर इगतपुरीला नेऊन बसवले. त्यांची बिअर विलायतेतून पिपांत आणि बाटल्यांत जहाजाने मुंबईला यायची. लाकडी पिपाला वायूचा डबा नसे. पीप उंचावर आडवे ठेवायचे, लाकडी तोटी ठोकायची आणि उताराने जेवढे वाहील तेवढे घ्यायचे. तळघरातून वर ओढायचे तर हातपंप. जोसेफ ब्रामा या कुलूपकर्त्याने त्याचे पेटंट १७९७ सालीच घेतले होते. गोऱ्यांच्या या बिअरवर जकात होती, पण ती प्यायल्याबद्दल कोणाला तुरुंग नव्हता.

आता त्याच काळात घाटाखाली काय चालले होते ते पाहू. शहापूर, मुरबाड, मोखाडा हा ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचा मुलूख. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करून ठेवायची आणि उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन बाया-पोरांनी वेचायला जायचे. फूल मांसल आणि गोड. वाळवले की मनुकेसारखे होते. ते उकडून, भाजून, भाकरीबरोबर खातात. भात संपल्यावर आणि पाऊस पडण्यापूर्वीच्या उपाशी महिन्यांत मोह हे अन्न असते. उरलेल्या फुलांची दारू. फुले पाण्यात घालून काही दिवस आंबू द्यायची, मग मडके चुलीवर, त्यावर दुसरे भांडे, बांबूची नळी आणि नळीच्या टोकाशी पाण्यात बसवलेले मडके. सुरुवातीला जे थेंब येतात ती 'पहिल्या धारेची'. हा शब्दप्रयोग आता अस्सल म्हणावे अशा कोणत्याही गोष्टीला लावतात. त्याचा उगम बांबूच्या नळीच्या टोकाशी आहे, हे लावणाऱ्याच्या ध्यानात नसते. जाळ मोठा केला तर नुसती वाफ सुटते, वरचे पाणी तापले तर धार आटते. जाळ, थंड पाणी आणि नळी यांचा मेळ म्हणजे भाच्याचा 'बॅलन्स'च. फक्त दाबमापक नाही.

ताडीचेही तसेच. ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडाला घाव घालून मडके बांधायचे. जखम बुजत जाते तसा रस कमी होतो, म्हणून रोज पातळ चकती कापून ती ताजी ठेवायची. जाड कापली तर झाड लवकर थकते. मडक्याला आतून चुना लावला की रस गोड राहतो आणि त्याला नीरा म्हणतात. चुना नाही लावला तर सूर्य वर येईपर्यंत ताडी होते. कोकणातल्या भंडाऱ्यांची ही पिढ्यांची विद्या. झाड हाच नळ होता आणि कोयता ही त्याची चावी.

या सगळ्यावर १८७८ साली मुंबई सरकारने अबकारीचा कायदा आणला. तो सालचा पाचवा कायदा. त्यापूर्वीही कर होता, ठेके होते, पण गावोगावच्या छोट्या भट्ट्या आणि घरचे गाळणे सैलपणे चालत होते. चार्ल्स प्रिचर्ड हा अधिकारी या नव्या पद्धतीचा कर्ता. त्याचे गणित सरळ होते. हजार ठिकाणी गळणाऱ्या धारेवर कर बसवता येत नाही, म्हणून धार एकाच ठिकाणी आणा. छोट्या भट्ट्या बंद करा, मोठी मध्यवर्ती भट्टी उभारा, तिच्या तोटीवर सरकारी माणूस बसवा आणि विक्रीचा ठेका अशा माणसाला द्या की जो सरकारला ठरावीक उत्पन्नाची हमी देईल. ताडीच्या दर झाडावर कर. या पद्धतीत ठेकेदाराला घरची दारू हा शत्रू होतो, कारण हमीची रक्कम त्याला दुकानातूनच भरून काढायची असते. म्हणजे सरकारला पोलिसी करण्याची गरजच कमी पडते, ठेकेदार ती आनंदाने करतो.

उरणला पारशी मालकांच्या मोहाच्या भट्ट्या होत्या. तेथील दारू पुढे किनाऱ्यावर आणि जंगलपट्टीत दुकानांतून जाऊ लागली. त्यासाठी लागणारी फुले मोठ्या प्रमाणावर गुजरातच्या पंचमहालाकडून येत. पाहा कसे: ज्या ठाकराच्या दारात मोहाचे झाड, त्याने आपले फूल गाळायचे नाही, तर परमुलखातल्या फुलाची दारू पैसे देऊन दुकानातून घ्यायची. पैसे नसले तर उधारीवर. उधारी फिटली नाही तर शेत. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात दारूविक्रेत्यांचे जमीनदार झाले, त्यातली एक मोठी वाट ही होती. योगायोग असा की, १८७८च्याच डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांचा तह झाला. मिठाबरोबर अबकारीची ही शिस्त त्या तहाने गोव्यातही शिरली. कोकणच्या दोन्ही टोकांना ती पोहोचली.

तरीही धार थांबेना. जंगलात कोण कुठे मडके चढवतो, हे कसे कळणार? तेव्हा सरकारने तोटी सोडून थेट फुलालाच हात घातला. १८९२ सालचा तिसरा कायदा, मोहफुलांचा. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावर आणि विकण्यावर त्याने बंधने घातली. खाद्य म्हणून लागणारे फूल गुन्ह्याचा पुरावा ठरले. फुले ही गरिबांचे अन्न आहेत, दारूपुरती नाहीत, असा आक्षेप पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही घेतला होता. पुण्यातल्या वकील मंडळींना हे समजले आणि कौन्सिलातल्यांना समजले नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. त्यांना समजले होते. ते समजूनही फुलाला हात घालणे त्यांना महसुलाच्या दृष्टीने परवडत होते.

आणि त्याच १८९२ साली, त्याच शहापूर तालुक्यात, तानसा धरणाचे पाणी मुंबईकडे निघाले. माहुली किल्ल्याच्या मागे अडवलेले हे पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने शहरात पोहोचले. चढ-उतार, नळाचा व्यास, घर्षण, तोटीशी उरणारा दाब. भाच्याच्या फ्रिजमधला सारा हिशोब व्हिक्टोरियन इंजिनिअरांनी तानसा ते मुंबई एवढ्या लांबीवर बसवला होता, आणि तो अचूक होता. पुढे वैतरणा झाले, भातसा झाले. मुंबईच्या तोटीत शहापूरचे पाणी येते. आणि कसाऱ्याच्या वरच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर जातो. एका वर्षात आब गेले आणि त्याच वर्षी कारीही. मी यात कट पाहत नाही. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारला गेला होता: इथून बाहेर किती नेता येईल? इथे किती राहावे, हा प्रश्न कोणीही मांडला नव्हता.

इथे वाचक मला अडवील, आणि अडवावेच. दारूच्या हक्काबद्दल मी गळा काढतो आहे काय? दारूने घरे बुडाली आहेत, आणि आदिवासी घरे आधी बुडाली आहेत. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेत दारूची दुकाने वाढवण्याला विरोध केला. १९०८ साली टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. या दोन माणसांचे एकमेकांशी कशावरच पटले नसते, पण दुकानाविषयी पटले. मात्र दोघांचाही रोख दुकानावर, म्हणजे सरकारच्या तोटीवर होता, हे लक्षात घ्यावे. सणाला, लग्नाला, देवाला दाखवायला घरी गाळलेली दारू वर्षातून मोजक्या वेळा होते, कारण फूल मोजके असते आणि ते खायलाही लागते. फुलाचा साठा हाच तिच्यावरचा अडथळा, भाच्याच्या नळीच्या वेटोळ्यासारखा. दुकानाने तो अडथळा काढून टाकला आणि दाब तसाच ठेवला. मग फेस होणारच.

स्वातंत्र्यानंतर दारूबंदी आली. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा हाच, नाव बदलून, आजही महाराष्ट्रात लागू आहे. परवान्याशिवाय मद्य बनवणे त्यात गुन्हा आहे आणि मोहफुलावरचे निर्बंधही त्याच्या पोटात आले. बंदीने काय केले, तर 'हातभट्टी' हा शब्द घरोघर पोहोचवला. मोहाऐवजी काळा गूळ आणि नवसागर आला, कारण तो कोणत्याही ऋतूत मिळतो आणि लपवता येतो. पुढे त्यात औद्योगिक अल्कोहोल शिरले. २०१५च्या जूनमध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे मिथेनॉलने मेली, ती या उताराच्या तळाशी होती. मोहाच्या मडक्याने कोणी असे मेल्याचे मी आमच्या भागात ऐकलेले नाही. झिंगलेले पुष्कळ ऐकले आहेत.

भाच्याच्या गॅरेजचा कायदा मात्र वेगळ्या दिशेने गेला. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली तेव्हा घरी वाइन बनवायला मुभा मिळाली, बिअरला राहून गेली. ती चूक दुरुस्त करणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी १९७८च्या ऑक्टोबरमध्ये सही केली. एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, दोन प्रौढांच्या घराला दोनशे, विकायची मात्र नाही. आमच्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. त्या एका सहीने तोट्या, नळ्या, डबे यांचा सारा घरगुती बाजार उभा राहिला, आणि नंतर छोट्या ब्रुअऱ्या काढणारे पुष्कळ लोक याच गॅरेजांतून निघाले. गाळायची, म्हणजे उर्ध्वपातन केलेली दारू घरी करायला तिकडेही केंद्रीय कायद्याची बंदीच आहे, हेही सांगायला हवे. भाच्याला मोहाचे मडके तिथेही चढवता येणार नाही.

महाराष्ट्रात ताज्या बिअरची तोटी आली ती हॉटेलातून. २००९ साली पुण्यात डूलाली ही राज्यातली पहिली सूक्ष्म ब्रुअरी सुरू झाली आणि मग मुंबई-पुण्यात अशा जागा वाढल्या. त्याच २००९ साली गोव्याच्या काजूफेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ साली गोवा सरकारने फेणीला वारसापेय ठरवले. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता देणारे धोरण आणले. म्हणजे शेजाऱ्याच्या घरात मोह वारसा आणि आमच्या घरात मुद्देमाल. या वारशातही बाटलीवर चिठ्ठी कोण लावतो आणि पैसा कोणाकडे जातो हे पाहावे लागेल. १८७८ची सवय सहजी सुटत नाही.

शहापूर तालुका पाचव्या अनुसूचीतला पूर्ण अनुसूचित तालुका आहे, मुरबाडचा काही भागही त्यात येतो. १९९६च्या पेसा कायद्याने अशा गावांच्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, त्यांची विक्री आणि सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार दिला आहे. कायद्याच्या भाषेत पाहिले तर चावी ग्रामसभेच्या हातात आहे. शिवाय महाराष्ट्रभर आणखी एक सोय आहे. गावातल्या पुरेशा मतदारांनी, किंवा नुसत्या स्त्री-मतदारांनी, मागणी केली की दारूचे दुकान ठेवायचे की नाही यावर मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान राहावे असे वाटणाऱ्याने उभीवर शिक्का मारायचा, जावे असे वाटणाऱ्याने आडवीवर. पुष्कळ गावांत बायकांनी बाटली आडवी केली आहे. मोहाच्या मडक्याचे चित्र त्या कागदावर नसते.